माल त्यांचा की आपला?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनशॉपसाठी शेड घेतली की पहिला प्रश्न हाच. गिऱ्हाईकाचं कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, नुसतं मशीनवर मापात कापून द्यायचं, की फाउंड्रीतून (ओतशाळेतून) आपणच विकत घेऊन तयार पार्ट विकायचा?

नुसत्या मजुरीत भांडवल कमी लागतं. माल डिलिव्हरी चलनावर, म्हणजे नुसत्या पाठवणीच्या कागदावर येतो, जीएसटी कायद्याप्रमाणे १ वर्षाच्या आत परत गेला की झालं. पण काम नाजूक: ५० मिमीच्या एच-७ बोअरला (एच-७ हा भोकाच्या अचूकतेचा दर्जा) मापात सूट फक्त २५ मायक्रॉनची. त्यात शेवटच्या कटला ब्लोहोल (ओतताना आत राहिलेली पोकळी) उघडला, तर कास्टिंग त्यांचं, पण तीन ऑपरेशनचा वेळ आणि झिजलेले इन्सर्ट (हत्याराची कापणारी टोकं) आपले. ती मजुरी मिळणार की नाही, हे ऑर्डरवर आधीच लिहून घ्या. मी नव्हतं घेतलं. कापताना निघणारा धातूचा भुगा कुणाचा, तेही लिहा. त्यावरूनसुद्धा तोंडं वाकडी होतात.

आपला माल असला की मार्जिन बरं आणि भुगाही आपलाच. मात्र फाउंड्रीवाला रोख मागतो, गिऱ्हाईक 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला २००६च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पण ज्याच्यावर आपलं काम चालतं, त्या नेहमीच्या गिऱ्हाईकाला कायदा दाखवणार कोण?

मी अजून मजुरीच करतो. एका पार्टपुरता माल मात्र स्वतःचा घेतलाय.