जुन्या वाड्यातील नवा जिना आणि नवी देवडी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या मागील गल्लीत, वाड्याचा जो तीन खणांचा भाग आमच्या वाटणीला आला तो आम्ही गेल्या वर्षी दुरुस्त करून घेतला. दुरुस्तीतील सर्वांत मोठे आणि सर्वांत जास्त वादाचे काम जिन्याचे आणि देवडीचे होते. अक्षय्य तृतीयेला आम्ही परत राहायला आलो. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा, गणपती, दिवाळी, नाशिकची थंडी आणि आता चैत्रातले ऊन असे सगळे ऋतू या जिन्याने आणि या देवडीने पाहिले आहेत. नवे काम पाहायला आलेली माणसे लाकडाचे आणि दगडाचे कौतुक करून गेली, पण त्यांपैकी कोणीही हातात पाण्याने भरलेली बादली घेऊन हा जिना उतरलेले नव्हते. मी दिवसातून पंधरा-वीस वेळा तो चढते-उतरते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

जुना जिना दोन भिंतींच्या मध्ये बसवलेला, सागवानी, अंधारा आणि उभा होता. २,६४० मिलिमीटर उंची तो ११ पायऱ्यांत चढत असे. म्हणजे प्रत्येक पायरी २४० मिलिमीटर उंच आणि पाऊल ठेवायला जेमतेम १९० मिलिमीटर जागा. पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्या होत्या. वरच्या तोंडाला झडप होती. रात्री ती पाडली की वरचा मजला बंद. त्या काळी जागा वाचवणे आणि घर सुरक्षित ठेवणे या दोन्ही गरजा त्या जिन्याने चोख भागवल्या, यात मला शंका नाही. परंतु सासूबाईंचे वय आता ७६ आहे. शेवटची काही वर्षे त्या शिडीवरून उतरावे तशा जिन्याकडे तोंड करून, वरून सोडलेला दोर एका हाताने धरून उतरत असत. आम्ही खाली उभे राहून त्यांच्या टाचांकडे पाहत असू. जिना बदलायचा हे त्या टाचांकडे पाहूनच ठरले.

नव्या जिन्याला १५ उंच्या, म्हणजे एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याच्या चढण्या, आहेत, प्रत्येकी १७६ मिलिमीटर, आणि पाऊल २७० मिलिमीटर. पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पावलाची रुंदी यांची बेरीज साधारण ६०० ते ६४० मिलिमीटरच्या दरम्यान आली की माणसाची चाल मोडत नाही, हा हिशेब सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लोंदेल याने मांडलेल्या नियमावर आधारलेला आहे. आमच्या जुन्या जिन्याची ही बेरीज ६७० येत होती, नव्याची ६२२ येते. राष्ट्रीय इमारत संहितेने, २०१६ च्या आवृत्तीत, घरगुती जिन्यासाठी पायरी १९० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि पाऊल २५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावे असे म्हटले आहे. आमचे माप त्या मर्यादेच्या बऱ्यापैकी आत आहे. याची किंमत जागेत मोजावी लागली. जुना जिना १.९ मीटर लांबीत मावत असे. नवा काटकोनात वळतो, मध्ये ९०० मिलिमीटरचे चौरस लँडिंग घेतो आणि माजघराचा एक कोपरा खातो. माझ्या दिरांचा या कोपऱ्यावरून अखेरपर्यंत विरोध होता. मला मात्र गेल्या अकरा महिन्यांत त्या कोपऱ्याची एकदाही आठवण आलेली नाही.

वाड्याच्या जुन्या विटामातीच्या भिंतींवर जिन्याचा भार टाकायचा नाही, असे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सुरुवातीलाच बजावले होते. त्यामुळे जिना आरसीसीचा असून स्वतःच्या चार कॉलमवर आणि स्वतःच्या पायावर उभा आहे. जुन्या भिंतीला तो कोठेही टेकत नाही. दोहोंमध्ये बोटभर फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरली होती. पावसाळ्यानंतर त्या फटीच्या कडेने गिलाव्याला केसासारखी चीर गेली. घरात घबराट झाली, पण नवे बांधकाम आणि जुनी भिंत आपापल्या गतीने हलणार, हे आम्हाला आधीच सांगितलेले होते. आम्ही गिलावा पुन्हा न भरता त्यावर एका बाजूनेच खिळलेली सागाची पट्टी बसवली. आता चीर पट्टीखाली आहे आणि तिला हलायला मोकळीक आहे.

आता आमच्या हातून झालेल्या सर्वांत मोठ्या चुकीविषयी लिहिते, कारण ही चूक दुरुस्तीच्या घरांत वारंवार होण्यासारखी आहे. पायऱ्यांचे काँक्रीट ओतले तेव्हा खालची फरशी बसायची होती. माप घेताना तयार फरशीची पातळी धरलेली होती, परंतु नंतर देवडीच्या उतारासाठी खालची पातळी ३१ मिलिमीटरने वर उचलावी लागली आणि जिन्याचा विचार त्या वेळी कोणीच केला नाही. परिणामी सर्वांत खालची पायरी १७६ ऐवजी १४५ मिलिमीटर राहिली. कागदावर हा फरक अंगठ्याच्या रुंदीहून थोडासा जास्त. प्रत्यक्षात घरातील प्रत्येक जण, मुलांसकट, शेवटच्या पायरीवर अडखळू लागला. उतरताना पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पायाला उंची पाठ होते आणि पुढे डोळे पायरीकडे पाहत नाहीत. शेवटी जमीन अपेक्षेपेक्षा लवकर लागली की गुडघ्याला धक्का बसतो आणि हातातले भांडे हिंदकळते. चढताना पहिले पाऊल सोपे जाते, दुसऱ्या पायरीच्या कडेला मात्र बोटे आपटतात. आम्ही दोन महिने एकमेकांना ‘नीट बघून चाला’ असे सांगत राहिलो. दोष चालणाऱ्यांचा नसून पायरीचा आहे, हे टेप लावून प्रत्येक पायरी मोजली तेव्हाच कळले.

दुरुस्ती मात्र वाटली त्यापेक्षा सोपी निघाली. ३१ मिलिमीटरची तूट एकट्या खालच्या पायरीवर न ठेवता लँडिंगपर्यंतच्या सातही उंच्यांत सारखी वाटून घेतली. त्यासाठी खालच्या सहा पायऱ्यांचे दगड उचलून त्यांच्याखालचा मसाल्याचा थर वाढवावा लागला : सर्वांत खालच्या पायरीला साधारण २७ मिलिमीटर, तिच्या वरच्या पायरीला २२, असे कमी होत होत लँडिंगखालच्या पायरीला ४ ते ५ मिलिमीटर. आता खालच्या सात उंच्या १७१ ते १७२ मिलिमीटरच्या आहेत, वरच्या आठ १७६ च्या. या दोन माळांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या सलग रांगांच्या, मध्ये लँडिंग येत असल्याने पाय तेथे नव्याने चाल धरतो आणि फरक कोणालाही जाणवत नाही. आमच्या गवंड्याने दिवाळीपूर्वी चार दिवसांत हे काम केले आणि अडखळणे त्याच आठवड्यात थांबले. जिना करून घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की, खालच्या आणि वरच्या दोन्ही मजल्यांच्या तयार फरशीची पातळी भिंतीवर रंगाने आखून घेतल्याशिवाय पायऱ्यांचे सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्याचा साचा, लावू देऊ नका.

पायऱ्यांसाठी पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट सुचवला जात होता. दुकानात तो आरशासारखा दिसतो आणि सगळ्यांना आवडतो. आम्ही राखाडी कोटा दगड घेतला, २५ मिलिमीटर जाडीचा, कमी चकाकीचा, कडेला तीन खाचा पाडलेला. पावसाळ्यात गल्लीतून ओल्या पायांनी आलेली माणसे थेट वर जातात, तेव्हा या निवडीचा खरा उपयोग कळला. चार महिन्यांत एकाचाही पाय घसरला नाही. खाचांत धूळ बसते, ती केरसुणीने निघत नाही आणि आठवड्यातून एकदा जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावी लागते. हळदीकुंकवाच्या दिवशी तेलाचा एक डाग पडला तो अजून गेलेला नाही. या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत.

उजेडाविषयी आमचे काही अंदाज बरोबर आले, काही चुकले. जिन्याच्या वर मंगलोरी कौलांत चार काचेची कौले बसवल्यामुळे दिवसा दिवा लावावा लागत नाही, आणि दीडशे वर्षे जी जागा अंधारी होती तेथे सकाळी नऊच्या सुमारास लँडिंगवर ऊन पडते, हे पाहण्यात अजूनही समाधान वाटते. परंतु मार्चपासून वरच्या पायऱ्यांवर चांगलेच तापते. दोन कौलांना बाहेरून चुना लावल्यावर ते बरेच कमी झाले. रात्रीसाठी भिंतीत, पायरीपासून ३०० मिलिमीटर उंचीवर, मंद पिवळे दिवे आहेत. त्यांना सेन्सर जोडला होता आणि तो हालचाल थांबली की तीस सेकंदांत दिवा मालवत असे. सासूबाई लँडिंगवर दम खायला थांबत, स्थिर उभ्या राहत आणि नेमक्या त्याच वेळी अंधार होत असे. वेळ तीन मिनिटांवर नेल्यापासून तक्रार उरली नाही. वर आणि खाली दोन्हीकडून लागणारा साधा टू-वे स्विचही आहे आणि पाहुणे तोच वापरतात.

लँडिंग मला अजून थोडे मोठे हवे होते. माणसांना ते पुरते, सामानाला पुरत नाही. लोखंडी कपाट वळणावर असे अडकले की शेवटी दोर बांधून वरच्या खिडकीतून घ्यावे लागले. याच लँडिंगवर मात्र नोव्हेंबरमध्ये माझ्या सासऱ्यांना छातीत दुखू लागले तेव्हा, दोन माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलले, एकदा खुर्ची टेकवून हात बदलले आणि कोठेही न आपटता खाली आणले. जुन्या जिन्यावरून हे शक्य नव्हते. ते आता बरे आहेत आणि रोज संध्याकाळी गोदाघाटापर्यंत चालत जाऊन येतात.

देवडी रुंदीला १.४ मीटर आणि खोलीला ३ मीटर आहे, म्हणजे मोठी नाही. आराखड्यात येथे भिंतीवर लाकडी पॅनेल आणि आतून प्रकाश देणारे कोनाडे होते. पैसे कमी पडू लागले तेव्हा ते वगळले आणि त्या जागी भिंतीलगत ४५० मिलिमीटर उंचीचा बाक केला. जुन्या तुळईच्या फळीपासून बनवलेला हा बाक घरातील सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू ठरला आहे. त्यावर बसून चपला काढता येतात, भाजीची पिशवी ठेवता येते, कुरिअरवाल्याला टेकता येते, आणि शेजारच्या काकू घरात न येता तेथेच अर्धा तास बोलत बसतात. वाड्याची ओसरी जे काम करत असे त्यातले पुष्कळ काम हा बाक करतो. चपलांचे कपाट मात्र फसले. ते बारा जोड्यांचे आहे आणि रोजच्या चपला त्याच्या बाहेरच राहतात, कारण दार उघडून, वाकून चप्पल आत ठेवण्याइतका धीर घाईत कोणालाही नसतो. बाकाखालची उघडी फळी त्यापेक्षा कितीतरी उपयोगाची आहे.

उंबरठ्यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. जुना २०० मिलिमीटर उंच होता; मुले तो नकोच म्हणत होती, सासूबाईंना उंबरठ्याशिवाय घर ही कल्पनाच सहन होत नव्हती. शेवटी ६० मिलिमीटरचा, दोन्ही कडा गोल केलेला उंबरठा ठेवला आणि त्याच्या बाहेर जाळीची अरुंद पन्हाळ काढली. २ ऑगस्ट २०१६ च्या पुराच्या वेळी पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले होते, आणि पूर नसतानाही जोराच्या सरीत दहीपुलाकडून सराफ बाजारात पाण्याचा लोंढा येतो. या पावसाळ्यात दोनदा पाणी जाळीपर्यंत आले, उंबरठ्याच्या आत आले नाही. त्याच भीतीपोटी देवडीतील सर्व स्विचबोर्ड वर घेतले आहेत आणि जिन्याखालचा इन्व्हर्टर दगडी ओट्यावर, हवा खेळेल असा ठेवला आहे. त्याशेजारी गॅसचा भरलेला सिलिंडर ठेवण्याचा विचार होता तो मी होऊ दिला नाही, कारण आग लागली तर वरच्या मजल्यावरील माणसांना बाहेर पडायला हा एकच जिना आहे. ओल्या छत्र्यांसाठी मात्र जागाच विचारात घेतली नव्हती; सध्या त्या एका पितळी घंगाळात उभ्या राहतात, आणि ते घंगाळ पावसाळाभर रोज उपसावे लागते.

एक काम शिल्लक आहे. हातधरी, म्हणजे चढता-उतरताना धरायचा दांडा, आम्ही फक्त मोकळ्या बाजूला, ९०० मिलिमीटर उंचीवर बसवली. सागाची, मुठीत सहज मावेल अशी गोल, आणि तिच्याखालच्या उभ्या सळ्यांमध्ये १०० मिलिमीटरपेक्षा कमी अंतर, म्हणजे लहान मुलाचे डोके अडकणार नाही. चढताना ती सासूबाईंच्या उजव्या हाताला येते आणि त्या निश्चिंतपणे चढतात. उतरताना ती डाव्या हाताला येते, आणि त्यांच्या डाव्या खांद्यात दुखणे असल्याने त्या उजवा हात भिंतीवर टेकवत उतरतात. भिंतीच्या चुन्यावर त्या उंचीला सलग काळसर पट्टा उमटला आहे. दुसरी हातधरी लावली तर जिन्याची मोकळी रुंदी ९०० वरून ७६० मिलिमीटरच्या आसपास येईल, म्हणून आम्ही मागे-पुढे करत होतो. परवा मी त्या पट्ट्याची उंची टेपने मोजली. ती ८४० मिलिमीटर भरली. जुन्या तुळईचा अडीच मीटरचा एक तुकडा माळ्यावर पडून आहे, खालच्या माळेला तो पुरेल. सुताराला ८४० हेच माप दिले आहे, आणि तो सोमवारी येणार आहे.