पुस्तकाला गॅरामाँ की बोदोनी?

गॅरामाँ आणि बोदोनी हे रोमन (इंग्रजी) लिपीचे टंक, म्हणजे छापील अक्षरांचे घाट. गॅरामाँचा साचा १६व्या शतकातल्या पॅरिसचा. जाड-बारीक रेषांतला फरक सौम्य, गोल अक्षरांतल्या जाडीचा कल तिरपा, सेरिफ (दांड्याच्या टोकाचे छोटे फाटे) दांड्याला वळणाने जोडलेले. सलग मजकुराला हाच घ्यावा. लहान लिपीतल्या (a, x अशा) अक्षरांची उंची कमी, म्हणून आकार ११ पॉइंट (छपाईतले अक्षरमाप) ठेवून ओळ १४ पॉइंटची करावी.

पार्मातल्या जांबात्तिस्ता बोदोनीच्या टंकात उभे दांडे भरदार, आडव्या रेषा केसासारख्या, सेरिफ सपाट. मुखपृष्ठावर ३६ पॉइंटच्या पुढे तो फार देखणा! पण ९ पॉइंटला केसरेषा तुटतात, नुसते दांडे उरतात आणि डोळा शिणतो. काळ्यावर पांढरा छापला तर पसरलेली शाई त्या रेषा गिळते. तळटीपेला बोदोनीच हवा असेल, तर ‘आयटीसी बोदोनी’ या त्याच्या आवृत्तीचा ‘सिक्स’ प्रकार वापरा. त्यातल्या बारीक रेषा ६ पॉइंटसाठी मुद्दाम जाड ठेवल्या आहेत.