मॉलस्काबेस : शंख-शिंपल्यांच्या नावांचा जागतिक दप्तरखाना

शंख-शिंपल्यांचा छंद लागलेल्या माणसाला सुरुवातीला आकार आणि रंग पुरतात. पुढे कपाटातले नमुने वाढतात, त्यांच्यासोबतच्या चिठ्ठ्यांवरची नावे एकमेकांशी जुळेनाशी होतात आणि एकाच कवडीला दोन पुस्तकांत दोन नावे का दिली आहेत, हा प्रश्न टाळता येत नाही. अभ्यासाच्या या टप्प्यावर पोहोचलेल्या प्रत्येकाने ‘मॉलस्काबेस’ ही आंतरजालावरील विनामूल्य सेवा वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्याकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घेतले नाही तर निराशा पदरी येण्याचा संभव आहे, म्हणून हे परीक्षण थोडे तपशिलात जाऊन लिहीत आहे.

मॉलस्काबेस ही मृदुकाय प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची जागतिक नोंदवही आहे. समुद्रातले शंख-शिंपले तिच्यात आहेतच, पण गोड्या पाण्यातले शिंपले, जमिनीवरच्या गोगलगायी आणि केवळ जीवाश्मरूपाने उरलेल्या जातीही आहेत. जीवाश्म जातींच्या नावापुढे खंजिराची खूण असते. 2014 साली सुरू झालेली ही नोंदवही ‘वर्म्स’ या सागरी जीवांच्या विशाल नामसूचीशी जोडलेली असून, तिची तांत्रिक व्यवस्था बेल्जियममधील ओस्टेंड येथील फ्लँडर्स सागरी संस्थेकडे आहे. कोणते नाव ग्राह्य आणि कोणते नाही, याचा निर्णय मात्र निरनिराळ्या देशांतले मृदुकायतज्ज्ञ संपादक म्हणून घेतात. शोध घेण्यासाठी खाते उघडावे लागत नाही. नाव अर्थातच रोमन लिपीत द्यावे लागते आणि सारा कारभार इंग्रजीतून चालतो.

एखादे पान कसे असते हे पाहण्यासाठी आपल्या ओळखीची कवडी घेऊ. ‘सायप्रिया मोनेटा’ हे जुन्या पुस्तकांतले नाव शोधचौकटीत टाकले की हे नाव आता ग्राह्य नाही असे सांगून सेवा आपल्याला ‘मोनेटारिया मोनेटा’ या पानाकडे नेते. तिथे सर्वांत वर ग्राह्य नाव, त्यापुढे कंसात नाव देणारा शास्त्रज्ञ लिनिअस आणि नाव दिल्याचे 1758 हे वर्ष, खाली त्या नावाचा कायम क्रमांक, मग कुलापासून संघापर्यंतची वर्गवारी, मूळ नाव आणि आजवर त्याच प्राण्याला दिल्या गेलेल्या इतर नावांची यादी असते. यातला कंस नवख्या वाचकाच्या नजरेतून हमखास सुटतो. नाव देणाऱ्याचा उल्लेख कंसात असेल तर त्याने ही जाती मुळात दुसऱ्या वंशात (नावाचा पहिला शब्द म्हणजे वंश) ठेवली होती, असा त्याचा अर्थ होतो. ठिपकेदार पाठीची मोठी वाघकवडी ‘सायप्रिया टायग्रिस’ पाहिली तर तिच्या नावापुढे लिनिअस आणि 1758 कंसाविनाच दिसतात, कारण ती आजही लिनिअसने ठेवली त्याच वंशात आहे. एवढ्या एका खुणेवरून आपल्या संग्रहातल्या कोणत्या चिठ्ठ्या जुन्या झाल्या असण्याची शक्यता आहे, हे पुष्कळदा आधीच कळते.

या सेवेचे खरे मोल मला तिने दिलेल्या उत्तरापेक्षा त्या उत्तरामागच्या पुराव्यात वाटते. बहुतेक बदलांमागचा शोधनिबंध नमूद केलेला असतो, अनेक नोंदींत मूळ वर्णनाचे पान थेट उघडून पाहता येते आणि पानाच्या तळाशी ती नोंद कोणी, केव्हा निर्माण केली व केव्हा बदलली याचा तारीखवार हिशेब असतो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन वर्णनापर्यंत घरबसल्या पोहोचता येणे ही, मोठ्या ग्रंथालयांपासून दूर राहणाऱ्या अभ्यासकासाठी, लहान गोष्ट नव्हे.

तिसऱ्यांचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. कोकणातल्या खाड्यांत मिळणाऱ्या आणि तिसऱ्या म्हणून बाजारात येणाऱ्या शिंपल्यांत एकाहून अधिक जाती असतात. त्यांपैकी एकीचे नाव भारतीय मत्स्यविज्ञानाच्या साहित्यात दीर्घकाळ ‘पाफिया मलबारिका’ असे छापले जात आले आहे. केरळमधील अष्टमुडी खाडीतल्या ज्या शिंपल्यांच्या मासेमारीला 2014 साली शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, तीही हीच जाती. मॉलस्काबेसवर हे नाव शोधले की उत्तर येते ‘प्रोटॅपेस गॅलस’. कारण नामावलीतच दिसते: ‘मलबारिका’ हे नाव डिलविनने 1817 साली दिले, तर त्याच प्राण्याला ‘गॅलस’ हे नाव ग्मेलिनने 1791 सालीच दिले होते, आणि प्राणिनामकरणाच्या नियमांत आधीच्या नावाचा हक्क मोठा. मलबारच्या किनाऱ्याची आठवण सांगणारे नाव गेले याचे मला वाईट वाटते, पण ते का गेले हे दोन तारखा शेजारी ठेवताच समजते, आणि त्यामुळे तो बदल लादल्यासारखा वाटत नाही.

याहून महत्त्वाचा उपयोग कायद्याच्या संदर्भात आहे आणि भारतातल्या प्रत्येक संग्राहकाने तो ध्यानात घ्यावा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत 2001 साली काही शंख-शिंपल्यांचा समावेश झाला. त्या यादीतली नावे त्या काळी रूढ असलेली आहेत. गुंड्या बनवण्यासाठी ज्याच्या मोतिया थराला पूर्वी प्रचंड मागणी होती तो शंकूसारखा शंख तिथे ‘ट्रोकस निलोटिकस’ आहे; तो पुढे ‘टेक्टस’ वंशात गेला आणि आता ‘रोचिया निलोटिका’ म्हणून ओळखला जातो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी ज्याचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे बसवलेले दिसतात, तो शिंपला तिथे ‘प्लॅसेंटा प्लॅसेंटा’ आहे आणि आज ‘प्लॅक्युना प्लॅसेंटा’. परदेशी विक्रेत्याने ‘रोचिया निलोटिका’ अशी चिठ्ठी लावलेला शंख हातात घेऊन कोणी कायद्याची यादी चाळली, तर नाव न सापडल्यामुळे तो बाळगण्यास हरकत नाही असा चुकीचा निष्कर्ष सहज निघू शकतो. मॉलस्काबेसवरची त्याच प्राण्याच्या इतर नावांची यादी ही फट बुजवते. 2022 च्या दुरुस्तीने परिशिष्टांची रचनाच बदलली असल्यामुळे पडताळणी आजच्या परिशिष्टांशी करावी, पण ती करताना सर्व जुनी नावे हाताशी असावीत.

इथवर वाचून कोणाला वाटेल की समोरचा शंख कोणता हे ही सेवा सांगते. ते ती सांगत नाही, आणि तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज इथूनच निर्माण होतात. शंखाचे मुख कसे, कळस किती उंच, ओठावर दात आहेत की नाहीत, अशा लक्षणांवरून जातीपर्यंत पोहोचवणारी कोणतीही किल्ली तिथे नाही. नाव आधी आपल्याकडे असावे लागते.

तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ घ्या. माळेत येणाऱ्या छोट्या कवड्यांत प्रामुख्याने ‘मोनेटारिया मोनेटा’ आणि ‘मोनेटारिया ॲन्युलस’ या दोन जातींचा विचार करावा लागतो. अखंड नमुन्यात प्रश्न सोपा असतो, कारण ॲन्युलसच्या पाठीवर सोनेरी-नारिंगी कडे असते. परंतु ओवण्यासाठी किंवा शिवण्यासाठी कवडीची पाठ घासून उघडी केलेली असते आणि त्याबरोबर ते कडेही गेलेले असते. मग कवडी उपडी न ठेवता मुखाची बाजू वर करून तिची बाह्यरेषा पाहावी लागते: मोनेटा ओबडधोबड, रुंद भागात गाठी फुगल्यासारखी कोनदार, ॲन्युलस बहुधा अधिक सरळसोट अंडाकृती. हे बारकावे सेवेच्या पानावर लिहिलेले नाहीत. ते नमुने शेजारी शेजारी ठेवून, भिंगाखाली पाहूनच डोळ्यांत बसतात.

दक्षिणावर्ती शंखाच्या बाबतीत तर या फरकाला पैशाचे मोल आहे. पूजेतला आपला शंख म्हणजे ‘टर्बिनेला पायरम’. तो भारत आणि श्रीलंकेच्या समुद्रातला असून, त्याचा उलट्या दिशेने वळलेला नमुना अतिशय दुर्मीळ असतो. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून ज्यांची विक्री होते त्यांतले अनेक शंख मात्र अमेरिकेच्या बाजूच्या समुद्रातल्या एका निराळ्याच जातीचे असतात. मेक्सिकोच्या आखाताच्या परिसरातल्या ‘सिनिस्ट्रोफल्गर पर्व्हर्सम’मध्ये ते उलटे वळण हा अपवाद नसून नेहमीचा प्रकार आहे. ओळखण्याची खूण मुखाच्या आत आहे. टर्बिनेलाच्या मधल्या स्तंभावर तीन-चार ठसठशीत आडव्या घड्या असतात, बोट आत घातले तरी त्या हाताला लागतात. अमेरिकन शंखाच्या स्तंभावर अशा घड्या नसतात. ही खूण माहीत असलेल्या माणसाला मॉलस्काबेस पुढची सगळी मदत करते: दोन्ही शंख वेगवेगळ्या कुलांतले आहेत, लिनिअसने एकाला ‘व्होल्युटा’ आणि दुसऱ्याला ‘म्युरेक्स’ वंशात ठेवले होते आणि दोघांचे प्रदेश पृथ्वीच्या दोन टोकांना आहेत, हे सारे तिथे सापडते. खूण माहीत नसेल तर शोधचौकटीत काय लिहायचे, हेच कळणार नाही.

म्हणून नवख्याने मॉलस्काबेससोबत छायाचित्रांवर चालणारी एखादी सेवा वापरावी. ‘आयनॅचरलिस्ट’ त्यासाठी चांगली आहे. मुख, पाठ आणि कळस अशा तिन्ही बाजूंची छायाचित्रे दिली तर संगणकाचे सुचवणे आणि जाणकारांची मते मिळून निदान वंशापर्यंत पोहोचता येते. मुंबईच्या किनाऱ्यावरचे जीव नोंदवणाऱ्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातल्या नोंदीही तिथे पाहायला मिळतात, आणि आपल्या किनाऱ्यावर खरोखर काय सापडते याचा अंदाज घेण्यासाठी त्या मला फार मोलाच्या वाटतात. तिथे मिळालेले नाव मग मॉलस्काबेसवर तपासावे. उलट क्रमाने केलेले काम वाया जाते.

मॉलस्काबेसवर छायाचित्रे आहेत, पण ती असमान आहेत. काही जातींची सुंदर, अनेक बाजूंनी घेतलेली, तर असंख्य जातींचे एकही नाही. प्रदेशाच्या नोंदींचेही तसेच. एखाद्या जातीच्या पानावर भारताचा उल्लेख नाही म्हणून ती इथे नाहीच, असे धरून चालू नये. त्यासाठी कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण किंवा कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था यांची प्रकाशनेच चाळावीत. पानाची मांडणी तज्ज्ञांसाठी केलेली आहे आणि ती कोरडी आहे, हेही मान्य करावे लागेल.

तज्ज्ञांत एकमत नसेल तेव्हा ही सेवा काय करते, हे शंकुशंखांच्या पानांवर पाहण्यासारखे आहे. 2009 साली या शंखांचे कितीतरी नव्या-जुन्या वंशांत विभाजन सुचवले गेले आणि ‘कोनस टेक्स्टाइल’ हा कापडावरच्या नक्षीसारखा सुंदर, पण माणसालाही घातक ठरू शकणारा विषारी शंख काही ठिकाणी ‘सिलिंडर टेक्स्टाइल’ झाला. पुढे जनुकीय अभ्यासांनंतर बहुतेक जाती पुन्हा ‘कोनस’मध्ये आल्या. मॉलस्काबेसने एक नाव ग्राह्य धरले, तरी ‘सिलिंडर’ पुसून न टाकता उपवंशाच्या रूपाने नोंदीत जपले. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. मतभेदाचा मागमूस ठेवून निर्णय देणाऱ्या नोंदवहीवर विश्वास टाकणे सोपे जाते.

मोठा संग्रह सांभाळणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात काचेच्या कपाटात पडून असलेल्या जुन्या नमुन्यांची यादी तक्त्यात टंकित करून एकगठ्ठा चढवली की, प्रत्येक जुन्या नावासमोर आजचे ग्राह्य नाव आणि क्रमांक लावलेला तक्ता परत मिळतो. शब्दलेखनात किरकोळ चूक असली तरी जवळचे नाव सुचवले जाते. अशी सुचवलेली नावे मात्र एकेक करून स्वतः तपासावीत, कारण एका अक्षराच्या फरकाने दोन वेगळे प्राणी असण्याची उदाहरणे या क्षेत्रात कमी नाहीत.

तक्ता हाती आल्यावर जुन्या चिठ्ठ्या फेकू नयेत. नमुना कोणी, कुठल्या किनाऱ्यावर, कोणत्या साली गोळा केला ही माहिती फक्त त्यांच्यावरच असते आणि ती पुन्हा मिळवण्याचा दुसरा मार्ग नसतो. नव्या चिठ्ठीवर ग्राह्य नाव, मॉलस्काबेसचा क्रमांक आणि पडताळणीची तारीख लिहून ती जुनीच्या मागे जोडावी. नोंदीत चूक आढळली तर पुराव्यासह संपादकांना कळवता येते. कळवताना नमुन्याच्या तिन्ही बाजूंची छायाचित्रे, मिलिमीटरमधली मापे आणि आधारभूत लेखाचे पान द्यावे.