पावडर की क्लीन एजंट? स्वयंपाकघराजवळ कोणता अग्निशामक टांगावा

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन अग्निशामक आहेत. मुख्य दाराशी चार किलोचा एबीसी पावडरचा आणि स्वयंपाकघराच्या चौकटीबाहेर दोन किलोचा क्लीन एजंटचा (आग विझवून मागे काही न ठेवता उडून जाणारा वायू). आधी दोन्ही ठिकाणी पावडरच होती. ओळखीतले दोघे-तिघे सध्या पाथर्डी फाट्याकडे नव्या घरात जाताहेत आणि सगळे हेच विचारतात, म्हणून एक का बदलला ते सविस्तर सांगतो.

सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाचं, आधी उरकतो. तो मागे काही ठेवत नाही, विजेच्या आगीवर चांगला चालतो. पण साडेचार किलोचा सिलेंडर भरल्यावर बारा-पंधरा किलोच्या घरात जातो. आमच्या आईला तो खुंटीवरून उतरवताही येणार नाही. शिवाय त्याला दाब दाखवणारा काटा नसतो, गॅस शिल्लक आहे की नाही हे वजन करूनच कळतं. बंद छोट्या खोलीत हा वायू माणसाचाही श्वास कोंडतो. ऑफिसच्या पॅनेलसाठी ठीक, घरासाठी मी तो यादीतून काढला.

पावडरची बाजू मात्र भक्कम आहे. लाकूड, कपडे, पेट्रोल, गॅस, वीज, सगळ्यांवर एकच सिलेंडर चालतो. स्वस्त आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे रिफिलवाला शोधत फिरावं लागत नाही. आत मोनो अमोनियम फॉस्फेट असतं. ते उष्णतेने वितळून निखाऱ्यावर चिकट थर धरतं, म्हणून लाकडाची धग पुन्हा डोकं वर काढत नाही. जुन्या नाशकात, पंचवटीत सागवानी तुळयांच्या वाड्यात राहणाऱ्याने दुसरं काही बघूच नये, असं माझं मत आहे.

पण हा चिकटपणाच आम्हाला भोवला.

दिवाळीच्या आधी आई चिवड्याचे पोहे तळत होती. दार वाजलं, ती उठली, आणि तेवढ्यात कढई पेटली. तेल साधारण साडेतीनशे अंशांच्या पुढे गेलं की ज्योत न लावताही पेट घेतं. त्याआधी मिनिटभर तरी निळसर धूर सुटतो, तोच इशारा समजायचा. मी पावडर मारली, आणि फार जवळून मारली. जाळ विझला, पण फवाऱ्याच्या जोराने थोडं तेल ओट्यावर उडालं. खालचा गॅस चालूच होता, त्यामुळे दहा-पंधरा सेकंदांत कढई पुन्हा पेटली. पावडर जाळ मारते, तेल थंड करत नाही, हे तेव्हा कळलं. दुसरा फवारा मारला, गॅस बंद केला आणि संपलं. कुणाला काही झालं नाही.

पुढचे पंधरा दिवस साफसफाई चालली. फिकट पिवळी पावडर फ्रिजच्या दाराच्या रबराच्या घडीत, मिक्सरच्या भांड्याखाली, डब्यांच्या झाकणांच्या आट्यांमध्ये, देव्हाऱ्यातल्या समईच्या वातीच्या खाचेत जाऊन बसली होती. बर्नरभोवती तिचा काचेसारखा कडक थर झाला होता. ओल्या फडक्याने पुसलं की चिखल, कोरड्याने पुसलं की हवेत. ती ओल धरते आणि धातूला खाते. चिमणीची मोटर पुढच्या पावसाळ्यात गेली. फराळाचं सगळं पीठ टाकून दिलं. सिलेंडर निम्मा भरलेला दिसत होता, पण एकदा दाबला की व्हॉल्व्हच्या बैठकीत पावडरचे कण अडकतात आणि दाब हळूहळू निघून जातो. काटा दोन दिवसांत लाल पट्ट्यात आला. म्हणजे एक सेकंद दाबा की पूर्ण, रिफिल पूर्णच.

तरीही एवढ्यावरून मी बदलला नसता. आगीपेक्षा घाण परवडली.

निर्णय झाला तो त्यानंतरच्या श्रावणात. फ्रिज एक्स्टेंशन बोर्डवर लावलेला होता (ही चूक माझीच), बोर्ड तापून वितळला आणि शेजारच्या कॅलेंडरने पेट घेतला. आई घरात एकटी होती. तिने मेन स्विच पाडला, ते उत्तम केलं. पण अग्निशामकाच्या समोरून ती न्हाणीघरात गेली, ओलं पोतं आणलं आणि बडवून आग विझवली. दोन बोटांना फोड आले. मी विचारलं, "सिलेंडर का नाही घेतलास?" ती म्हणाली, "अरे, उद्या पोरीचं केळवण. ती पावडर परत कोण काढत बसणार?"

माझ्यासाठी तुलना तिथेच संपली. विझवण्याची ताकद कितीही असो, हात लावताना घरातल्या माणसाला पुढच्या पसाऱ्याचा विचार पडत असेल, तर तो सिलेंडर भिंतीवरच राहतो. आणि आग पहिल्या मिनिटात असते तेवढी लहान नंतर कधीच नसते.

क्लीन एजंट विकणाऱ्याने माझ्यासमोर वर्तमानपत्रावर फवारा मारून दाखवला. कागद क्षणभर गार पडला, मग कोरडाच्या कोरडा, शाईसुद्धा फुटली नाही. बोर्ड, टीव्ही, राउटर, मिक्सर अशा जागी याला तोड नाही असं मला वाटतं. वजन आईच्या हाताला झेपतं. हिरव्या पट्ट्याचा काटाही आहे.

उणिवा आहेत आणि त्या लपवत नाही. मी पावडरच्या जवळपास तिप्पट पैसे मोजले. बाल्कनीत वारा असेल तर तो विरून जातो. गादी किंवा लाकूड खोलवर धुमसत असेल तर पावडरइतका भरवशाचा नाही. तापून त्याचे घशाला लागणारे आम्लधर्मी वायू होतात, म्हणून मारून झाल्यावर बाहेर पडायचं आणि खिडक्या उघडायच्या. शिवाय यातले एचएफसी-236एफएसारखे वायू (एचएफसी म्हणजे हायड्रोफ्लुरोकार्बन) पृथ्वीचं तापमान फार वाढवतात. मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीनुसार एचएफसी टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत आणि भारताने ती 2021 मध्ये मान्य केली आहे. तेव्हा घेतानाच विचारा, आत नेमका कोणता वायू आहे आणि पाच वर्षांनी रिफिल मिळेल का.

पेटलेल्या कढईसाठी मात्र दोन्हींपैकी एकही पहिला उपाय नाही. ओट्याशेजारी खिळ्याला आम्ही एक जड सपाट झाकण टांगून ठेवलंय. गॅस बंद, झाकण अलगद सरकवायचं, आणि तेल गार होईपर्यंत उचलायचं नाही. पाणी कधीच नाही: पाण्याची वाफ होताना ते साधारण सतराशे पट फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस सिलेंडरच्या नळीलाच जाळ लागला असेल तर आधी रेग्युलेटर बंद करायचा. नुसती ज्योत विझवून गॅस सुटू दिला तर तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि मग ठिणगी पुरते. गळतीचा वास आला तर बटणांना हात न लावता बाहेर जाऊन 1906 ला फोन, आग असेल तर 101.

बाकी आमच्याकडे झालेले बदल साधे आहेत. फ्रिज थेट भिंतीच्या सॉकेटवर आला, मेनला 30 मिलिअँपियरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलं, गॅसच्या नारिंगी सुरक्षा नळीवर बदलल्याची तारीख मार्करने लिहिली (पाच वर्षांनी बदलायचीच). ई-स्कूटरची बॅटरी रात्री दाराशी चार्जिंगला लावणं बंद केलं, कारण लिथियमच्या आगीपुढे हे दोन्ही सिलेंडर अपुरे आहेत.

एकच घ्यायचा असेल आणि हात आखडता असेल, तर पावडर घ्या. नसण्यापेक्षा ती शंभर पटीने बरी. आयएस 15683 (हातातल्या अग्निशामकांचं भारतीय मानक) चा आयएसआय मार्क पाहा आणि महिन्यातून एकदा सिलेंडर उलटासुलटा करून हलवा, नाहीतर पावडर तळाशी बसते. थोडे पैसे जास्त जमत असतील, तर स्वयंपाकघराजवळ क्लीन एजंट आणि दाराशी पावडर, अशी जोडी मी तरी सुचवेन.

जुना सिलेंडर रिफिलला देण्याआधी गच्चीवर नेऊन घरातल्या प्रत्येकाकडून एकदा दाबून घ्या. आमच्या आईने पिन दोनदा ओढली, निघेना. प्लॅस्टिकचं सील आधी पिळून तोडायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.