कार्मेनेर की तिमोरासो : विस्मृतीतून परतलेले दोन द्राक्षवाण

फ्रान्सच्या बोर्दो भागातला कार्मेनेर आणि इटलीतल्या पिएमोंतेचा तिमोरासो हे दोन्ही वाण फिलॉक्सेरा किडीच्या तडाख्यानंतर मागे पडले, कारण दोघांनाही मणीगळीची (फुलोऱ्यानंतर कोवळे मणी गळून पडण्याची) खोड असल्याने पुनर्लागवडीच्या वेळी बागायतदारांनी अधिक भरवशाचे वाण पसंत केले. कार्मेनेर मात्र संपला नव्हता. तो चिलीत मर्लो या दुसऱ्या द्राक्षवाणाच्या नावाखाली सुखाने नांदत होता. कोवळ्या पानांवरची तांबूस झाक आणि मर्लोपेक्षा कित्येक आठवडे उशिरा पिकणारे घड रोज डोळ्यांसमोर असूनही त्याची खरी ओळख पटायला १९९४ साल आणि फ्रेंच द्राक्षवाणतज्ज्ञ झाँ-मिशेल बुर्सिको यांची नजर लागली. घड घाईने तोडले, तर त्याच्या लाल वाइनला ढोबळ्या मिरचीचा हिरवट वास येतो, जो मला तरी खटकतो. तिमोरासोच्या बाबतीत असा घोळ झाला नाही. पिएमोंतेतल्या तोर्तोनाच्या टेकड्यांवर कोर्तेसे या दुसऱ्या वाणाने त्याची जागा बळकावली असताना वाइन उत्पादक वाल्टर मासा यांनी १९८० च्या दशकात तो हट्टाने पुन्हा उभा केला. त्याची वाइन पांढरी असूनही बाटलीत वर्षानुवर्षे मुरते. सहज मिळतो म्हणून कार्मेनेर आधी चाखावा. पण थांबण्याची तयारी असेल, तर माझे मत तिमोरासोला आहे.