‘सगळं एकच असतं’ म्हणून विकलेलं सुटं टर्पेंटाइन

घरी लग्नकार्य होतं म्हणून चिपळूणच्या आमच्या जुन्या घराची सागवानी दारं आणि खिडक्यांचे गज रंगवायला काढले. रंग नामांकित कंपनीचा, सीलबंद डबा. रंगारीमामा तीस वर्षं याच कामात मुरलेले. फक्त रंग पातळ करायचं टर्पेंटाइन आणि पलंगाच्या पॉलिशसाठी स्पिरिट बाजारातल्या एका दुकानातून सुटं आणलं. दुकानदाराने मोठ्या कॅनमधून पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत ओतून दिलं. मामांनी सीलबंद डबा मागितला, तर म्हणाला, “अहो, टर्पेंटाइन काय, थिनर काय, सगळं एकच असतं. डब्याचे पैसे उगाच कशाला देता?”

दारांचा रंग वाळेना. डिसेंबरची कोरडी हवा, खिडक्या उघड्या, तरी आठवडा उलटला आणि दाराला हात लावला की बोटाचा ठसा उठायचा. पलंगाची गत वेगळीच. पॉलिशवर धुरकट पांढरा थर चढला, कितीही पुसला तरी जाईना. दुकानदार म्हणाला, रंगाऱ्याचा हात बसलेला नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. स्वतःच्या भेसळीचं खापर तो एका कष्टाळू माणसाच्या डोक्यावर फोडत होता.

मामांनी मग माझ्यासमोर एक साधी परीक्षा केली. ती प्रत्येकाला माहीत असायला हवी. कोऱ्या कागदावर बाटलीतल्या द्रवाचा एक थेंब टाकला, शेजारी कंपनीच्या डब्यातल्या टर्पेंटाइनचा एक. कागद सावलीत ठेवला. थोड्या वेळाने डब्यातल्या थेंबाची खूणही उरली नाही. बाटलीतल्या थेंबाचा तेलकट, पारदर्शक डाग संध्याकाळपर्यंत तसाच. त्यात रॉकेल होतं.

रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा पेट्रोलियमपासून काढलेलं मिनरल टर्पेंटाइन असतं. चिडाच्या झाडाच्या राळेपासून निघणारं खरं टर्पेंटाइन तेल निराळं आणि महाग. मिनरल टर्पेंटाइन साधारण 145 ते 205 अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळतं, म्हणून त्याच्या एका प्रतीला 145/205 म्हणतात. भारतीय मानक आयएस 1745 त्यासाठीच आहे. रॉकेलमध्ये याहून बरेच जड घटक असतात. ते लवकर उडून जात नाहीत, रंगाच्या थरात अडकून बसतात आणि रंग चिकट राहतो. बाटलीत मिनरल टर्पेंटाइन आणि निळा रंग न घातलेलं पांढरं रॉकेल सारखेच पाण्यासारखे दिसतात, वासही जवळचा. भेसळ करणाऱ्याचं त्यामुळेच फावतं.

थिनर तर या दोघांहून पार वेगळं. लॅकरसाठीच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोनसारखी जहाल द्रावकं असतात. ऑइलपेंटच्या जुन्या थरावर ते पडलं तर थर सुरकुतून उचलला जातो. शिवाय ते घरातल्या नेहमीच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. अ‍ॅसिटोनची वाफ तर उणे 20 अंशांनाही ठिणगीने पेटू शकते. देवघरात समई तेवत असताना शेजारच्या खोलीत थिनर वापरू देऊ नका.

आता पलंगाकडे. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. स्पिरिट पाण्यात सहज मिसळतं, म्हणून ते पाणी घालून वाढवता येतं आणि नजरेला काही कळत नाही. पण लाखेला पाणी चालत नाही. स्पिरिट आधी उडतं, पाणी मागे राहतं आणि लाख पांढरी पडते. आमच्या पलंगाचं तेच झालं.

पांढरा पडलेला पलंग पुन्हा घासता येतो. सुट्या स्पिरिटचं मला जास्त भय वाटतं ते त्यात मिसळलेलं असू शकणाऱ्या मिथेनॉल या विषारी अल्कोहोलमुळे. लाख मिथेनॉलमध्येही छान विरघळते, पॉलिश चांगलंच दिसतं, आणि नुसत्या वासावरून घरात ते ओळखता येत नाही. ते श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं, तिथे त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि डोळ्यांच्या नसा जळतात. 2015 साली मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसं गेली. बंद खोलीत उघड्या हातांनी दिवसभर पॉलिश घासणाऱ्या कारागिराला डोकेदुखी, मळमळ, धूसर दिसणं यांपैकी काही जाणवलं, तर ‘झोपला की बरं वाटेल’ म्हणू नका. त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतो. थेट रुग्णालयात न्या, बाटलीही सोबत न्या.

म्हणून सीलबंद डबाच घ्या, त्यावर मालाचं नाव, उत्पादक, बॅच क्रमांक बघा आणि पक्कं बिल मागा. आणलेल्या टर्पेंटाइनचा थेंब काम सुरू करण्याआधी कागदावर टाका. पाण्याच्या बाटलीत तर असलं काही कधीच आणू नका, घरातलं लेकरू ती तोंडाला लावेल.

मी बिलासाठी अडून बसले होते, ते कामी आलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली. दुकानदाराने मालाचे पैसे परत केले. दारं खरवडून पुन्हा रंगवण्याची मजुरी मात्र तो द्यायला तयार नाही. त्यासाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. अर्जासोबत तो डाग पडलेला कागद आणि बाटलीत उरलेलं टर्पेंटाइनही देणार आहे.