औषध कंपनीतली कोणती कामं बाहेर द्यावीत आणि कोणती घरातच ठेवावीत?

आउटसोर्सिंगच्या प्रस्तावात पहिल्या पानावर बहुतेक वेळा दोनच आकडे असतात: खात्याचा आजचा वार्षिक खर्च आणि व्हेंडरचं कोटेशन. दुसरा आकडा लहानच असतो, नाहीतर प्रस्ताव आलाच नसता. तारापूरला किंवा वेर्ण्याला एक प्लांट, देशभर विक्री, थोडीफार निर्यात अशी मध्यम कंपनी तुमची असेल, तर त्या दोन आकड्यांत काय धरलेलंच नसतं ते कामागणिक पाहू.

कँटीन, सिक्युरिटी, हाउसकीपिंग

इथे फार डोकं लावू नका. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनेच ही कामं मुख्य कामांच्या बाहेर काढली आहेत. द्या बाहेर. फक्त ऑफिसचा जिना आणि औषध भरायची खोली, म्हणजे फिलिंग रूम, एकाच कंत्राटात घालू नका. फिलिंग रूम पुसणाऱ्याचं प्रशिक्षण, गाउनिंगचा (संरक्षक कपडे घालण्याचा) रेकॉर्ड, जंतुनाशक कधी बदललं, हे सगळं इन्स्पेक्टर विचारतो. कंत्राटदाराने माणूस बदलला की सगळं पहिल्यापासून. तेवढी माणसं आपल्याच पटावर बरी.

पगारपत्रक आणि हिशेब

पगारपत्रक बाहेर द्यायला सोपं. नियम सगळ्या कंपन्यांना जवळजवळ सारखे, आणि चूक झाली तर त्याच दिवशी आरडाओरड होते. पण खरी गोम जीएसटीत आहे, आणि ती फक्त पगारपत्रकापुरती नाही.

व्हेंडरच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो; आपल्या माणसाच्या पगारावर लागत नाही. ‘क्रेडिट मिळतंच की’ (म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा होतोच की) हे उत्तर 22 सप्टेंबर 2025 नंतर तितकं खरं राहिलेलं नाही. त्या दिवसापासून बहुतेक औषधांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. कमी मार्जिनवर जेनेरिक विकणाऱ्यांचं कच्च्या मालाचंच क्रेडिट त्या 5 टक्क्यांत जिरत नाही. मालाचं साठलेलं क्रेडिट इन्व्हर्टेड ड्युटीच्या (खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करापेक्षा जास्त असतानाच्या) सूत्राने परत मागता येतं, सेवांचं येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये व्हीकेसी फुटस्टेप्स प्रकरणात हा नियम कायम ठेवला. निर्यातीच्या वाट्याला मात्र सेवांचंही क्रेडिट परत मिळतं. म्हणजे सगळी विक्री देशातच करणाऱ्या कंपनीला 20 लाखांचं कोटेशन 23 लाख 60 हजारांपर्यंत पडू शकतं, आणि 22 लाखांचं घरचं खातं स्वस्त निघतं. तेच कोटेशन सगळा माल निर्यात करणाऱ्याला 20 लाखांनाच पडेल. हे गणित अकाउंट्सकडून लेखी घ्या, व्हेंडरच्या प्रेझेंटेशनमधून नव्हे.

स्वतःचा डेपो की सी अँड एफ

2017 च्या आधी केंद्रीय विक्रीकर टाळायला राज्याराज्यात डेपो ठेवावा लागे. आता भिवंडीसारख्या एका ठिकाणाहून दोन-तीन राज्यं सांभाळता येतात, त्यामुळे सी अँड एफची (आपला माल साठवून पुढे पाठवणाऱ्या एजंटची) बाजू वरचढ आहे. भांडणं होतात ती एक्स्पायरीच्या मालावरून. आणि बॅच परत बोलावायची वेळ आली तर कोणत्या स्टॉकिस्टकडे किती पेट्या गेल्या, हे आपल्या सिस्टीममध्ये दिसायला हवं.

फार्माकोव्हिजिलन्स

फार्माकोव्हिजिलन्स म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करून ती कळवणं. वरवर पाहता हे काम कँटीनच्याच यादीत येतं, कारण त्याने गोळी बनत नाही की विकली जात नाही. मला ते त्या यादीत मुळीच पटत नाही.

समजा, नांदेडच्या एका डॉक्टरने तुमच्या एमआरला (डॉक्टरांना भेटणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला) व्हॉट्सॲप केलं: ‘तुमच्या गोळीनंतर पेशंटच्या अंगावर फोड आले, ॲडमिट केलंय.’ पेशंट, कळवणारा, औषध आणि त्रास, चारही गोष्टी आल्या. घड्याळ तिथेच सुरू झालं. गंभीर आणि अनपेक्षित दुष्परिणाम 15 दिवसांत कळवावा लागतो. एमआरने तो मेसेज एरिया मॅनेजरला आठवड्याने दाखवला, तर पुण्यातल्या किंवा हैदराबादच्या व्हेंडरकडे उत्तमातलं उत्तम सॉफ्टवेअर असूनही हातात निम्मेच दिवस उरतात.

तरीही केस प्रोसेसिंग घरात करा असं मी म्हणणार नाही. महिन्याला मोजक्या केसेस येणाऱ्या कंपनीला सेफ्टी डेटाबेसचं लायसन्स, कोडिंग करणारी (दुष्परिणामांना ठरलेले कोड देणारी) माणसं आणि सुट्टीच्या दिवसाची ड्युटी परवडत नाही. टंकणं, कोडिंग, अहवालाचा मसुदा बाहेर जाऊ द्या. एमआरचं प्रशिक्षण आणि औषधामुळेच त्रास झाला का हा अंतिम निर्णय घरात ठेवा. या कामाचा प्रमुख डॉक्टर किंवा प्रशिक्षित फार्मासिस्ट असावा अशी नियमांचीही अपेक्षा आहे. व्हेंडरने पाठवलेला अहवाल वाचून ‘हे चुकलंय’ म्हणू शकेल असा माणूस पटावर नसेल, तर आधी तो नेमा. त्याचा पगार कोटेशनच्या रकमेत मिळवा आणि मग घरच्या खर्चाशी ताडून पाहा. मी पाहिलेल्या प्रस्तावांत ही ओळ क्वचितच असते.

आयटी

ॲस्ट्राझेनेकाने 2007 मध्ये आपल्या आयटी सेवा आयबीएमकडे दिल्या. 2011 मध्ये करार मोडला, आणि निघण्याच्या काळात आयबीएमने कोणत्या सेवा कोणत्या अटींवर द्यायच्या यावरून प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं. पुढे कंपनीने बरंच काम परत घरात आणलं, त्यासाठी चेन्नईत स्वतःचं तंत्रज्ञान केंद्र उभारून. एवढ्या मोठ्या कंपनीचे वकील जिथे अडकले, तिथे आपण करार संपवण्याचं कलम व्हेंडरच्या छापील मसुद्यातून उचलू नये. ऑडिट ट्रेलसकट (कोणी कधी काय बदललं या नोंदीसकट) डेटा कोणत्या फॉरमॅटमध्ये, किती दिवसांत, किती पैशांत परत मिळेल हे सहीच्या आधी लिहून घ्या. व्हेंडर ‘ते नंतर बघू’ म्हणाला, तर कोटेशन कितीही लहान असो, दुसऱ्याला बोलवा.